रॉक बँडसाठी ट्यूब बेस हेड: निवड, तपासणी आणि पुण्यातली वीज

ड्रमर पूर्ण जोरात वाजवतोय, दोन गिटार चालू आहेत. अशा वेळी बेस ऐकू येण्यासाठी व्हॉल्यूम जिथवर न्यावा लागतो, तिथे हेड स्वच्छ वाजतं, हलकं गुरगुरतं की आवाजाचा चिखल होतो, यावर ट्यूब हेडची निवड ठरते. (हेड म्हणजे स्पीकर नसलेला अँप, स्पीकरची पेटी म्हणजे कॅबिनेट वेगळी. ट्यूब हेडमध्ये आवाज मोठा करायला काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब असतात.) वॅट, ट्यूबचा नंबर, ब्रँड, वजन हे सगळं शेवटी याच जागेपाशी येतं. दुकानात एकट्याने दहा मिनिटं वाजवलं तर कुठलंही हेड गोडच लागतं. म्हणून आधी कागदावर दोन-तीन पर्याय ठरवा, मग ड्रमरसोबत चाचणी घ्या आणि पैसे त्यानंतरच द्या.

हेड खरंच ट्यूबचं आहे का

जाहिरातीत 'ट्यूब' लिहिलेलं असलं तरी आत बऱ्याचदा प्रीअँपमध्ये, म्हणजे सिग्नल घडवणाऱ्या पहिल्या टप्प्यात, एखादी १२एएक्स७ ही छोटी ट्यूब असते आणि पुढचा पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास डी (हलका, स्विचिंग प्रकारचा) असतो. अँपेगचं एसव्हीटी-३ प्रो या हायब्रिड जातीतलं. ते चांगलं हेड आहे, शिवाय उचलायला सोपं. पण जोरात वाजवल्यावर पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळून जो दाब देतात, स्वराचा घाव किंचित मऊ होऊन मग स्वर फुलतो, ते त्यात येत नाही. ओळखायला मागच्या जाळीतून आत बघा. अंगठ्यापेक्षा जाड अशा दोन, चार किंवा सहा काचेच्या बाटल्या रांगेत दिसल्या आणि मागे ओहम निवडायचं बटण किंवा वेगवेगळ्या ओहमचे जॅक असले, तर ते पूर्ण ट्यूबचं हेड.

वॅटचा हिशोब

वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबल वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे १०० आणि ३०० वॅटमधला फरक भरतो ४.८ डेसिबल. तो ऐकू येतो, पण तिप्पट मुळीच वाटत नाही. १०० वॅटचं हेड ज्या आवाजाला गुरगुरायला लागतं, तिथे ३०० वॅटचं अजून निवांत स्वच्छ वाजत असतं. जास्तीचे पैसे आणि जास्तीचे किलो द्यायचे ते या मोकळ्या जागेसाठी.

कॅबिनेटकडून मिळणारा आवाज मात्र बहुतेक जण विसरतात. त्याच जातीचे स्पीकर चाराऐवजी आठ केले, तर तेवढ्याच वॅटमध्ये खर्जात आणखी सुमारे ३ डेसिबल मिळतात. म्हणजे ८×१० वर (दहा इंची आठ स्पीकरच्या कॅबिनेटवर) लावलेलं १०० वॅटचं हेड जवळपास ४×१० वरच्या २०० वॅटच्या हेडइतकं वाजतं. हेडचं बजेट ताणण्याआधी कॅबिनेटकडे बघा.

आता खर्ज. बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची. अँपेगचं सीलबंद ८×१०, एसव्हीटी-८१०ई, ५८ हर्ट्झला ३ डेसिबल आणि ४० हर्ट्झला १० डेसिबल खाली असतं. तरीही त्याचा खर्ज भरदार वाटतो, कारण कान तो स्वर ८२ हर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकवरून ओळखतो. ट्यूब जराशी फुटली, म्हणजे तिचा आवाज किंचित करकरायला लागला, की हेच हार्मोनिक वाढतात आणि गिटारच्या भिंतीतून बेस बाहेर येतो. रॉकमध्ये ट्यूब हेडचा हट्ट धरायला खरं कारण हे आहे. पाच तारांचा बेस असेल (मोकळी बी ३०.९ हर्ट्झ) आणि मेटलमध्ये जलद, तुटक स्वर हवे असतील, तर हाच मऊपणा आड येतो. अशा बँडने स्वच्छ क्लास डी हेड आणि पुढे चांगला प्रीअँप पेडल घ्यावा. ट्यूबच्या मोहात पडू नये.

कुठल्या घराण्याचं हेड

पॉवर ट्यूब बघून हेडचा स्वभाव बराचसा कळतो. ६५५० घट्ट असते, खर्ज सोडत नाही आणि उशिरा फुटते. केटी८८ तिच्याच वर्गातली, स्वच्छ आवाजाची. ६एल६ गोल आणि जरा मऊ, ती फुटतानाही ऊबदार राहते. ईएल३४ मध्य सप्तकात करकरते, खर्जात ढिली पडते. मार्शलच्या १०० वॅटच्या सुपर बेसमधून मोटरहेड बँडच्या लेमीचा जो आवाज यायचा तो मध्य सप्तकाचा होता. एकच गिटार असलेल्या तिघांच्या बँडमध्ये तो जागा भरून काढतो, दोन गिटारांमध्ये मात्र त्यांच्याशीच भांडतो.

अँपेगचं एसव्हीटी १९६९ सालचं: ३०० वॅट, सहा पॉवर ट्यूब. सुरुवातीच्या हेडमध्ये ६१४६बी होत्या, नंतर ६५५० आल्या. एसव्हीटी-सीएल आणि एसव्हीटी-व्हीआर ही याच वंशाची, वजन ३५ किलोच्या वर. जोरकस ड्रमर, दोन गिटार आणि स्वच्छ पण वजनदार आवाज हवा असेल तर हे घ्या. व्हीआरवर मिडची वारंवारता २२०, ८०० किंवा ३००० हर्ट्झ अशी निवडता येते. गर्दीच्या बँडमध्ये ८०० वर ठेवून थोडा उठाव द्या. 'अल्ट्रा लो'चं बटण मात्र जपून वापरा. नावावरून वाटतं तसं ते फक्त खर्ज वाढवत नाही, ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग बराच कापतं. एकट्याने वाजवताना तो आवाज भव्य वाटतो आणि बँड सुरू झाला की बेस गायब होतो.

ऑरेंजचं एडी२००बी एमके३ साधं आहे: २०० वॅट, चार ६५५०, एकच चॅनल, मोजकी बटणं. गेन वाढवला की ते एसव्हीटीच्या आधी गुरगुरायला लागतं. संथ, जाड रिफ वाजवणाऱ्या स्टोनर किंवा डूम बँडला हे जास्त शोभतं.

कॅफे, कॉलेजचं सभागृह आणि रेकॉर्डिंग हाच मुख्य मुक्काम असेल तर १०० वॅट आणि चार ६एल६ पुरतात. फेंडरचं बेसमन १००टी आणि अँपेगचं नव्याने काढलेलं व्ही-४बी या वर्गात येतात. शिवाय मोठ्या स्टेजवर, पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या महोत्सवात, लोकांपर्यंतचा आवाज पीएवरूनच (प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टिमवरूनच) जातो. तिथे हेड फक्त तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी वाजतं. एक मात्र बघून घ्या: डीआय (हेडमधून थेट मिक्सरकडे जाणारा सिग्नल) कुठून काढलाय? तो प्रीअँपनंतर लगेच काढला असेल तर पॉवर ट्यूबची गुरगुर पीएवर पोहोचत नाही. मग साउंडवाल्याला कॅबिनेटसमोर माइकही लावायला सांगावं लागतं.

ओहम: इथे चूक झाली तर हेड जातं

ट्रान्झिस्टरच्या अँपमध्ये ४ ऐवजी ८ ओहमचं कॅबिनेट लावलं की पॉवर घटते, एवढंच. ट्यूब हेडमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरला त्याच ओहमचं कॅबिनेट लागतं आणि जुळवणी बरोबर असेल तर प्रत्येक टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या त्या-त्या ओहमच्या जोडणीवर) पूर्ण पॉवर मिळते. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम, ४ ओहमची दोन जोडली की २. एक ८ आणि एक ४ अशी जोडी लावली तर येतात २.६७, आणि असा टॅप कुठल्याच हेडवर नसतो. ती जोडी टाळा.

नेहमी फसवणारी गोष्ट अशी: एसव्हीटी-सीएलवर फक्त २ आणि ४ ओहम आहेत. अँपेगचं ८×१० ४ ओहमचंच असतं (३२ ओहमचे आठ स्पीकर समांतर), त्यामुळे ती जोडी जमते. पण तुमच्याकडे ८ ओहमचं एकच ४×१० असेल तर ते या हेडला जुळत नाही. दुसरं घ्या किंवा ८ ओहमचा टॅप असलेलं हेड निवडा.

कॅबिनेट न लावता ट्यूब हेड कधीही वाजवू नका. भार नसताना सिग्नल गेला की ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला वाट मिळत नाही, व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन किंवा ट्यूबचा सॉकेट जळतो. चालू शोमध्ये वायर निसटली तर पहिल्या क्षणी वाजवणं थांबवा, हेड स्टँडबायवर (ट्यूब गरम, आवाज बंद) टाका आणि मग वायर लावा. ही वायर स्पीकरचीच हवी, दोन्ही तारा किमान १.५ चौरस मिलिमीटरच्या. बेसची जॅक केबल दिसायला सारखी असते, पण तिचा आतला गाभा केसाएवढा. तो तापतो, तुटतो आणि हेड कॅबिनेटविना वाजत राहतं.

जॅमरूममधली चाचणी

दोन तासांचा स्लॉट घ्या. बेस तुमचा, केबल तुमची, पेडल नाही. ड्रमर रोजचाच हवा.

हेड चालू करताना आधी कॅबिनेटची वायर दोन्ही टोकांना पक्की बसवा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, मेन चालू करून स्टँडबायवर एक मिनिट थांबा आणि मग स्टँडबाय काढा. टोनची बटणं कुठे ठेवायची हे हेडच्या घराण्यावर आहे. एसव्हीटीमध्ये मधोमध म्हणजे जवळपास सपाट. जुन्या बेसमन-मार्शल वळणाच्या हेडमध्ये सगळं मधोमध ठेवलं तर मध्य सप्तकात मोठा खड्डा पडतो. तिथे मिड पूर्ण वर, बास आणि ट्रेबल अगदी खाली, हे सपाटाच्या जवळचं. दोन वेगळ्या हेडची बटणं मधोमध ठेवून तुलना केली तर निष्कर्ष चुकतो तो इथेच.

आता ड्रमरला गाण्यातल्या जोराने किक, स्नेअर आणि क्रॅश वाजवायला सांगा. तुम्ही ई तारेवर आठव्या भागाचे सरळ स्वर वाजवत व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. किकच्या बरोबरीने बेस ऐकू आला की थांबा आणि बटणाच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. तिथून पुढे वाढवत जा. स्वराच्या सुरुवातीला करकर ऐकू आली की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे या हेडमध्ये तुमच्या हातात असलेली मोकळी जागा. दुसरी खूण पहिलीच्या आधी आली तर ते हेड तुमच्या ड्रमरसोबत कायम फुटलेलंच वाजणार. तसाच आवाज हवा असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं बघा. दोन्ही जवळजवळ असतील तर बोटं हलकी ठेवली की स्वच्छ, जोर दिला की गुरगुर. बहुतेक रॉक बेसिस्टना हवं असतं ते हेच.

मग गिटार येऊ द्या. गिटारवाल्यांना त्यांचा बास कमी करायला सांगा, कारण शंभर हर्ट्झच्या खाली त्यांचं काही काम नाही. याच खुणांवर एक अख्खं गाणं वाजवून ते खोलीच्या दाराशी ठेवलेल्या फोनवर रेकॉर्ड करा. अँपसमोर उभं राहून आवाज नीट कळत नाही.

हेड सलग चाळीस मिनिटं तरी चालू द्या. गरम झाल्यावरच त्याचे दोष बाहेर येतात.

जुनं हेड घेताना

दिवे कमी करून मागून ट्यूब बघा. आतल्या फिलामेंटचा नारिंगी उजेड नेहमीचा. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी फिकट निळी झाकही चालते. पण बाहेरचा करडा पत्रा, म्हणजे प्लेट, लालभडक झाली असेल तर लगेच बंद करा: बायस (ट्यूबमधून शांत असताना किती करंट जावा याची जुळवणी) बिघडलाय किंवा ट्यूब गेलीय. काचेवरचा आरशासारखा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब मेली. प्रीअँपच्या छोट्या ट्यूबवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा 'टिंग' आला तर ती मायक्रोफोनिक. बदलायला स्वस्त आहे, त्यावरून व्यवहार मोडू नका, भाव कमी करून घ्या.

घूं आवाज येत असेल तर तो बेसवरच जुळवून बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेचा तिसरा पडदा, म्हणजे जी, ४९ हर्ट्झचा. घूं त्या स्वराशी जुळली तर संशय अर्थिंगवर, ग्राउंड लूपवर (अर्थच्या दोन वाटांतून फिरणाऱ्या करंटवर) किंवा फिलामेंटच्या वायरिंगवर. एक सप्तक वर, मोकळ्या जी तारेशी (९८ हर्ट्झ) जुळली तर फिल्टर कपॅसिटर थकलेत, कारण रेक्टिफायरनंतर उरलेली लहर १०० हर्ट्झची असते. व्हॉल्यूम शून्यावर आणूनही घूं राहिली तर दोष पॉवर सेक्शनमध्ये. वीस वर्षं जुन्या हेडचे कपॅसिटर बदलावे लागणार असं गृहीत धरूनच किंमत ठरवा. स्वतः उघडू नका. एसव्हीटीसारख्या हेडमध्ये ७०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो.

मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. अमेरिकेतून आलेलं १२० व्होल्टचं हेड आपल्या २३० वर थेट लावलं की संपलं. काही हेडच्या ट्रान्सफॉर्मरला २३० चे टॅप आतच असतात. जाणकाराकडून ते बदलून घेतले तर फ्यूजही निम्म्या ॲम्पिअरचा टाकायचा, कारण व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा होतो. हे राहिलं तर फ्यूज असून नसल्यासारखा. टॅप नसतील तर स्टेपडाउन लागेल. ३०० वॅट काढायला हेड विजेतून त्याच्या दुपटीच्या आसपास ओढतं, सहा ६५५० चे नुसते फिलामेंटच ६० वॅट खातात (प्रत्येकी ६.३ व्होल्टला १.६ ॲम्पिअर). म्हणून स्टेपडाउन दीड केव्हीएचा घ्या. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर तो ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. असं हेड सोडून द्या.

वीज

मंडपातल्या शोला लाइट आणि साउंड एकाच जनरेटरवर असतात, आणि हेडचं आयुष्य तिथेच कमी होतं. ट्यूबचा फिलामेंट ६.३ व्होल्टचा, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे प्लगमध्ये २०७ ते २५३ व्होल्ट. २०० वर फिलामेंटला ५.५ मिळतात, आवाज बसतो आणि ट्यूब झिजते. २५५ वर ७०० व्होल्टचे ७७५ होतात. साउंडचेकच्या आधी स्वस्तातला मल्टिमीटर प्लगला लावा: फेज-न्यूट्रल या मर्यादेत, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ४०-५० दाखवत असेल तर अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा, तोवर हेड लावू नका. लाइटचे डिमर ज्या फेजवर आहेत त्यावर बॅकलाइन (स्टेजवरचे अँप) घेऊ नका. घूं घालवायला अर्थची पिन तोडणं हा जिवाशी खेळ आहे. माइकला ओठ लावलेला गायक आणि बेसच्या तारांवर हात असलेले तुम्ही यांच्यामध्ये तो करंट वाट काढतो. लूप तोडायचा तो डीआयच्या ग्राउंड लिफ्टने.

जॅमरूमची वीज नेहमीच नाचत असेल तर २ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर लावा. घरगुती इन्व्हर्टरवर हेड चालवू नका.

ट्यूब बदलणं आणि बायस

हेड निवडताना ट्यूब मोजा. सहा ६५५० चा मॅच केलेला (सारख्या मोजमापाच्या ट्यूब निवडलेला) संच आणि चार ६एल६ चा संच यांच्या खर्चात मोठा फरक आहे. आठवड्याला दोन जॅम आणि मधूनमधून शो असतील तर पॉवर ट्यूब सर्वसाधारणपणे दोन-तीन वर्षं जातात, प्रीअँपच्या त्याहून कितीतरी जास्त. आज नव्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा जगभर भाव चढले होते, त्यामुळे एक संच घरात असलेला बरा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास स्लो-ब्लो फ्यूज, रेझिस्टर, कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. ६५५० चा मॅच केलेला संच मात्र तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओच्या काळात बनवलेल्या ईसीसी८३ जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे अजून निघतात. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, सापडल्या तर तपासून घ्या.

पॉवर ट्यूब बदलली की बायस बघायलाच हवा. एसव्हीटी-सीएलच्या मागे त्यासाठी दिवे आणि स्क्रू आहेत, हिरवा लागेपर्यंत फिरवायचं. बाकी हेडमध्ये तंत्रज्ञाला आकडा विचारा. उदाहरणार्थ ६एल६जीसीची प्लेट ३० वॅट सोसते, त्याचे ७० टक्के २१. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४५०, म्हणजे ४६ मिलिॲम्पिअर ही वरची मर्यादा. त्याच्या वर नेलं तर ट्यूब लवकर मरते, फार खाली ठेवलं तर आवाज कोरडा, करकरीत होतो. पॉवर ट्यूबना सिग्नल पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या जागी १२एयू७ असेल तर तिथे १२एएक्स७ खोचू नका. पिना जुळतात, ट्यूब वेगळी आहे. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीच नाही.

घर, जिना, टेम्पो

८×१० कॅबिनेट चार फूट उंच आणि साठ किलोच्या वर. कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते किंवा असते ती तीन माणसांची. घेण्याआधी जिन्याचं वळण टेपने मोजा. ते रिक्षात जात नाही, छोटा हत्ती लागतो, आणि गणपतीच्या दिवसांत तो आठवडाभर आधी ठरवलेला बरा. हे जमणार नसेल तर ८ ओहमची दोन ४×१० घ्या: विद्युतदृष्ट्या तेच ४ ओहम, आणि एकेक उचलता येतं.

घरी सरावासाठी ट्यूब हेड नकोच. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, आणि या हेडची मजा त्याच्या खूप वर सुरू होते. लोड बॉक्स (कॅबिनेटऐवजी हेडचा भार घेणारी पेटी) लावणार असाल तर त्याचे वॅट वाचा. गिटारसाठीचे बरेचसे १०० वॅटपर्यंतचे असतात, ३०० वॅटचं हेड त्यांना जाळतं.

शो संपल्यावर स्टँडबाय, मग मेन बंद, आणि पंधरा मिनिटं हेडला हात लावू नका. गरम ट्यूबचा फिलामेंट मऊ असतो, टेम्पोच्या पहिल्याच खड्ड्यात तुटतो. तेवढ्यात केबल गुंडाळून होतात. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या आधी एकदा ट्यूबचे सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या. दमट हवेने पिनांवर काट चढतो, आणि मग मधूनच येणाऱ्या खरखरीसाठी लोक चांगल्या ट्यूब बदलत बसतात.